फाटक बंद केल्याचा आकडा

आमदार येईपर्यंत आरती थांबवायची की नाही यावर कमिटीत दोन तट पडले होते, आणि गणपती दोन्ही तटांच्या मधोमध, कर्लिंग क्लबच्या ट्रॉफ्यांच्या कपाटापुढे, निवांत बसला होता. त्याला सवय असावी.

"टेंबेकाका, माइकवर काहीतरी बोलत राहा ना," मंडळाचा अध्यक्ष शिरीष मोकाशी माझ्या कानाशी लागून म्हणाला. "त्यांच्या ऑफिसातली केटलिन म्हणते, निघालेत. तुमचे ते सांगलीचे विनोद सांगा."

मी म्हटलं, "सांगलीचे विनोद संपले. आता आमदारच सांगतील."

"काका, प्लीज. आपला हॉलचा अर्ज त्यांच्याकडे आहे."

एल्डरफोर्ड हे ओंटारियो प्रांतातलं लहानसं गाव. मोटारीचे सुटे भाग करणारा एक कारखाना, त्यात नोकरीला आलेली पंधरावीस मराठी घरं, आणि त्या घरांनी आईवडील म्हणून आणून ठेवलेले आम्ही काही म्हातारे. मंडळाला स्वतःची जागा नव्हती, म्हणून गणपती कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये बसायचा. कर्लिंग म्हणजे बर्फावरून एकाने जड दगड सरकवायचा आणि बाकीच्यांनी झाडू घेऊन त्याच्यापुढे वाट घासत पळायचं. मी सांगलीच्या दैनिकात वर्षानुवर्षं नगरपालिकेवर विनोदी सदर लिहिलेलं असल्यामुळे मला हा खेळ पहिल्याच दिवशी समजला.

आज ते सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचे ते आमदार परवा मंत्री झाले. टीव्हीवर शपथ घेताना दिसले. केस पांढरे झालेत, हसू तेच आहे. शेजारी रघुवीर खासनीस असते तर त्यांनी एकच प्रश्न विचारला असता, आणि तो त्यांनी त्या संध्याकाळी कर्लिंग क्लबात विचारला होता.

खासनीस पहिल्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर जाकीट, हात गुडघ्यांवर. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतले नव्हेत, स्टेशनावरचे. मिरजेपासून कुर्डुवाडीपर्यंतच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची हयात गेली होती. मुलाने त्यांना आणि सुलभावहिनींना इकडे आणलं आणि स्वतः नोकरीसाठी दूर कॅलगरीला गेला. ही दोघं मागे राहिली. वहिनींना इथली लायब्ररी आवडायची, आणि मास्तरांना गावातून जाणारा रूळ.

वहिनी गेल्यापासून मास्तर मंडळात फिरकले नव्हते. त्या दिवशी आले आणि थेट माझ्याकडे आले.

"टेंबे, सूत्रसंचालन तुमच्याकडे आहे ना? मला एक मिनिट द्या माइकवर. आमदारांचं भाषण झालं की."

"काय बोलणार?"

"बोलणार काही नाही. विचारणार."

काय विचारणार हे मला माहीत होतं, कारण सबंध उन्हाळा ते दुसरं काही बोलत नव्हते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी वहिनी गवार निवडत बसल्या होत्या. छातीत जड वाटतंय म्हणाल्या. घाम फुटला. मास्तरांनी त्यांना गाडीत घातलं आणि आमच्या गावच्या दवाखान्यात नेलं. घरापासून अगदी जवळ. इमर्जन्सीचा दरवाजा बंद होता. काचेवर आतून कागद चिकटवलेला: डॉक्टर उपलब्ध नसल्यामुळे हा विभाग उद्या सकाळपर्यंत बंद राहील, जवळची सेवा शेजारच्या गावात उपलब्ध आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मास्तरांनी सांगितलं, कागदाखाली सही नव्हती. माणसाच्या बायकोचा जीव गाडीत कासावीस होतोय आणि हा माणूस कागदाखाली सही शोधतोय. पण रेल्वेने त्यांना तसंच घडवलं होतं. मास्तरांनी गाडी शेजारच्या गावाकडे वळवली. वाटेत वहिनी गेल्या. एवढंच ते सांगायचे, "वाटेत गेली." त्यापुढे नाही.

आम्ही दोघं मॉलमध्ये चालायला जायचो. दुकानं उघडायच्या आधी म्हाताऱ्यांना आतून फेऱ्या मारू देतात. बुटांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून त्यांनी मला रेल्वेची एक पद्धत समजावून सांगितली होती. स्टेशनाजवळ रस्त्याचं फाटक असतं. गाडी सोडायच्या आधी मास्तर फाटकवाल्याला फोन करतो, फाटक लाव. तो लावतो, आणि फोनवर एक आकडा सांगतो. हे आकडे छापील कागदावर त्याच्याकडे असतात, दुसऱ्या कोणाला माहीत नसतात. मास्तर तो आकडा लिहून घेतो, मगच सिग्नल पडतो.

"म्हणजे काय होतं," मास्तर म्हणाले, "की 'फाटक लागलं' असं नुसतं म्हणता येत नाही. 'मी लावलं' असं म्हणावं लागतं. आकडा दिला की पुढे जे होईल ते त्याच्या माथी. आमचे फाटकवाले साधे लोक होते हो. कोणी पिऊन यायचा, कोणी झोपायचा. पण आकडा दिल्याशिवाय एकानेही फाटक लावलं नाही."

त्यांना त्या दरवाजाचा आकडा हवा होता. दवाखान्याला विचारलं तर ते म्हणाले, आम्ही आरोग्य खात्याच्या चौकटीत काम करतो. आरोग्य खातं म्हणालं, दवाखाने स्वायत्त आहेत, डॉक्टर नेमणं त्यांचं काम. ओटावातल्या खासदाराच्या ऑफिसने कळवलं, आरोग्य हा प्रांताचा विषय आहे, आम्ही फक्त निधी देतो. महापौर बाई स्वतः बोलल्या आणि फार चांगलं बोलल्या, पण त्यांच्या अखत्यारीत दवाखान्याबाहेरच्या रस्त्यावरचा बर्फ तेवढा होता. सगळेजण सॉरी म्हणाले. माझी मुलगी वकिलाच्या ऑफिसात काम करते, तिने मला सांगितलं की या प्रांतात तसा कायदाच आहे: कोणी सॉरी म्हटलं तर कोर्टात ती कबुली धरता येत नाही. मी आयुष्यभर सरकारची टिंगल करून पोट भरलं, पण असा कायदा मला सुचला नसता.

कॅलगरीहून मुलगा फोनवर सांगायचा, बाबा, सोडून द्या, इथे हे असंच असतं. मास्तर मला म्हणायचे, "तिकडे तसंच होतं म्हणून तर आपण याला इकडे पाठवला."

तेवढ्यात हॉलच्या दाराशी गडबड झाली. आमदार आले.

ग्रेग हॅलिस्टन त्यांचं नाव. उंच, हसरे. अंगात केशरी कुर्ता, त्याची पाकिटातली घडी अजून मोडली नव्हती. मागे केटलिन, हातात दोन फोन. आमदारांनी दारातच हात जोडले आणि प्रत्येकाला वेगवेगळं नमस्ते केलं, कोपऱ्यात उभ्या असलेल्या क्लबच्या गोऱ्या मॅनेजरलासुद्धा. गणपतीपुढे गेल्यावर मान नको तितकी लववली. मोकाशीने शाल पांघरली, हातात नारळ दिला. नारळ घेऊन ते क्षणभर उभे राहिले. पुढच्या कार्यक्रमाला याचं काय करायचं हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला. मग त्यांनी तो केटलिनकडे दिला आणि केटलिनने तो फोन धरावा तसा धरला.

भाषण छान झालं. मराठी समाज कष्टाळू आहे. मराठी समाज कुटुंबवत्सल आहे. मोदक त्यांना विशेष प्रिय आहेत, हा शब्द त्यांनी केटलिनकडे बघून बरोबर उच्चारला. शेवटी ते म्हणाले, "एक लक्षात ठेवा, माझा दरवाजा तुमच्यासाठी कायम उघडा आहे."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवरचे हात उचलून उठायच्या बेतात होते. मी माइकपाशी गेलो, पण माझ्याआधी केटलिन पुढे झाली आणि तिने आमदारांच्या हातात एक फ्रेम दिली.

इथे ती एक रीत आहे. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्याचं नाव कळवलं की सरकारतर्फे अभिनंदनाचं प्रमाणपत्र येतं, सोनेरी कडा, खाली सह्या. मंडळ दर वर्षी नावं पाठवायचं आणि गणपतीत ती वाटायचं. फ्रेमवर काय लिहिलंय ते मला बाजूने दिसलं, पण तोपर्यंत आमदार वाचायला लागले होते.

"आणि आता माझ्या सगळ्यात आवडीचं काम! लग्नाचा सुवर्णमहोत्सव. मिस्टर आणि मिसेस रघुवीर... खास-नीस! जोरदार टाळ्या!"

टाळ्या वाजल्या नाहीत. मोकाशी मोबाईलमध्ये बघू लागला. बायकांच्या रांगेत कोणीतरी हुंदका गिळला.

आमदारांना वाटलं, उच्चार चुकला. त्यांनी नाव पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश. मग हसत बायकांच्या रांगेवरून नजर फिरवली. "मिसेस खासनीस लाजतायत वाटतं. कुठे आहेत त्या?"

मास्तर उठले. स्टेजच्या पायऱ्या चढून वर आले. त्यांनी फ्रेम दोन्ही हातांत घेतली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली. मग ते माइकसमोर त्यांच्या त्या स्वच्छ, सावकाश, गाडीची घोषणा करावी तशा इंग्रजीत म्हणाले, "आभारी आहे सर. माझी पत्नी फेब्रुवारीत वारली."

आमदारांच्या चेहऱ्यावर दुःख आलं. खोटं नव्हतं ते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण खोटं असतं तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं.

"ओह. मिस्टर खासनीस. आय ॲम सो सॉरी."

"त्या रविवारी दुपारी मी तिला आपल्या दवाखान्यात नेलं. इमर्जन्सीचा दरवाजा बंद होता. मला एकच विचारायचंय सर. तो बंद करायचा, हे कोणी ठरवलं?"

आमदारांनी शाल सावरली. म्हणाले, कुठल्याही कुटुंबावर अशी वेळ येऊ नये. डॉक्टर-नर्सेसची टंचाई हा देशभरचा प्रश्न आहे, त्यांचं सरकार त्यावर आजवर कोणी केला नसेल इतका खर्च करतंय, आणि आधीच्या सरकारने काय करून ठेवलं होतं तेही विसरून चालणार नाही.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "हो सर. पण ठरवलं कोणी?"

"असे निर्णय कोणी एक माणूस घेत नसतो. ती एक प्रक्रिया असते."

"कुलूप एकच माणूस लावतो, सर. त्याला लाव म्हणून सांगणाराही एक असतो. मला त्याला शिक्षा नको आहे. नुकसानभरपाई नको. त्याने 'मी' म्हणावं, एवढंच."

मोकाशी मला डोळ्यांनी खुणावत होता की माइक काढून घ्या. मी कपाटातल्या ट्रॉफ्या बघत होतो.

आमदारांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला. दोघांतलं बोलणं असावं तसा, फक्त माइक चालू होता.

"मिस्टर खासनीस, तुम्ही नऊ-एक-एकला फोन केला होता का?"

मास्तरांनी फ्रेम छातीशी धरली.

"नाही," ते म्हणाले. "दवाखाना जवळ होता. म्हणून मी—"

"मी नुसतं विचारलं," आमदार फार मायेने म्हणाले. मग सभागृहाकडे वळले. "मित्रांनो, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवू या. अशा वेळी गाडी काढायची नाही. नऊ-एक-एक. ॲम्ब्युलन्सवाल्यांना कुठलं इमर्जन्सी चालू आहे ते माहीत असतं. ही माहिती घरोघरी पोचवा. मिस्टर खासनीस, तुमच्यामुळे आज कोणाचा तरी जीव वाचेल."

आणि कोणीतरी टाळी वाजवली. सवयीने. तिच्या पाठोपाठ आणखी वाजल्या. मंडळाचा फोटोग्राफर पुढे झाला, आमदारांनी मास्तरांच्या पाठीवर हात टाकला आणि दोघांच्या मधे फ्रेम धरून फोटो निघाला. मंडळाच्या पानावर तो अजून आहे. खाली लिहिलंय: सुवर्णमहोत्सवी सत्कार.

आमदार निघाले, त्यांना एका मासेमारी क्लबच्या जेवणाला जायचं होतं. शाल अंगावर, नारळ केटलिनच्या काखेत, मोदकांचा डबा मोकाशीने गाडीपर्यंत नेऊन दिला. मग आरती झाली. मास्तर शेवटपर्यंत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आरतीनंतर जेवणाच्या टेबलापाशी मोकाशी म्हणाला, "काकांनी वेळकाळ बघायला हवी होती. मला समजतं त्यांचं दुःख. पण पाहुण्यांना असं..."

मी विचारलं, "वहिनींचं नाव कोणी पाठवलं होतं?"

"ते कल्चरल कमिटीकडे असतं."

कल्चरल कमिटीच्या बाई म्हणाल्या, नावं मेंबरशिपच्या यादीतून जातात, आम्ही नुसती पुढे पाठवतो. मेंबरशिपवाला म्हणाला, यादी मागच्या कमिटीने केली होती, जानेवारीत, तेव्हा वहिनी होत्या. मागची कमिटी म्हणजे हीच माणसं, खुर्च्या बदलून बसलेली. त्यानंतर नाव काढायचं कोणाचं काम होतं, यावर थोडी चर्चा झाली आणि अशी प्रक्रिया ठरवायला हवी यावर सर्वांचं एकमत झालं. सगळ्यांना मनापासून वाईट वाटत होतं. मसालेभात उत्तम झाला होता.

मी मास्तरांना घरी सोडायला निघालो. त्यांनी फ्रेम मांडीवर पालथी धरली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "आपल्याकडे बरं असतं मास्तर. काम होत नाही, पण पुतळा कोणाचा जाळायचा ते तरी माहीत असतं."

ते हसले नाहीत. माझ्या विनोदांवर हसणारा गावातला तो शेवटचा माणूस होता.

"टेंबे," ते म्हणाले, "फेब्रुवारीपासून मी सगळ्यांना विचारतोय. आज पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं."

"काय विचारलं? तुमचं तोंड बंद करायला विचारलं ते."

"त्यासाठीच असेल. पण प्रश्न बरोबर होता. अपघाताच्या चौकशीत सगळ्यात आधी तेच बघतात. त्या वेळी ड्युटीवर कोण होतं आणि त्याने काय केलं."

मला त्यांच्या आवाजातला बदल आवडला नाही. मी विषय पावसाळी बुटांवर नेला.

पुढच्याच आठवड्यात केटलिनचा त्यांना फोन आला. आमदारसाहेब त्या संध्याकाळनंतर फार अस्वस्थ आहेत, त्यांनी तुमचं प्रकरण जातीने हाती घ्यायला सांगितलं आहे. तिने सगळी हकिगत उतरवून घेतली आणि एक फाईल नंबर दिला. मास्तर मॉलमध्ये मला भेटले ते जवळजवळ पळतच आले. नंबर त्यांनी पाठ केला होता. बाकावर बसले, तो पुन्हा एकदा म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"पण हा आकडा तर माझ्या नावावर काढलाय," ते म्हणाले. "फाटक त्यांनी लावलं आणि नंबर गाडीखाली आलेल्याला दिला."

दिवाळीच्या सुमारास आमच्या दवाखान्याचं इमर्जन्सी नव्या दरवाजासकट पुन्हा पूर्ण वेळ सुरू झालं. फीत कापायला हॅलिस्टनसाहेब आले. दरवाजाशेजारच्या भिंतीवर पितळी पाटी बसली, तिच्यावर त्यांचं पूर्ण नाव, पद, तारीख. मी मास्तरांना दाखवायला नेलं नाही, पण ते स्वतःच जाऊन आले होते. "उघडल्याचा आकडा लगेच मिळतो," एवढंच म्हणाले. मला वाटलं, चला, माणूस पुन्हा विनोद करायला लागला.

मग मॉलमध्ये यायचे बंद झाले. पहिला बर्फ पडून गेल्यावर एका सकाळी मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. घर लख्ख होतं. ती फ्रेम भिंतीवर लावली होती, वहिनींच्या फोटोशेजारी. मास्तरांनी चहा टाकला, मला समोर बसवलं आणि म्हणाले, "बरं झालं आलात. चौकशी संपली."

"केटलिनने कळवलं?"

"ती काय कळवणार. माझी मी केली." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "रेल्वेत चौकशी नावाशिवाय बंद होत नाही, टेंबे. पाऊस होता, धुकं होतं, माणसं कमी होती, सगळं लिहितात. पण शेवटी एक नाव लिहावंच लागतं. ते मिळेपर्यंत फाईल उघडी. मला ती उघडी ठेवून मरायचं नाही."

"मग मिळालं नाव?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शेजारच्या गावाला जायला दोन रस्ते आहेत. एक पुलावरून, लांबचा. दुसरा रुळांवरून, जवळचा. मी जवळचा घेतला. आणि फाटक पडलं."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मालगाडी. इथली मालगाडी तुम्ही पाहिलीय. संपतच नाही. मी इंजिन बंद केलं नाही, हिला वारं घालत होतो. हिचे डोळे मिटलेले. क्वार्टरमध्ये राहून राहून हिला सवय, गाडी आवाजावरून ओळखायची. मला म्हणाली, गार्डाचा डबा आला का हो?"

चहावर साय धरत होती.

"इथल्या गाड्यांना शेवटी गार्डाचा डबा नसतो, टेंबे. मी म्हटलं, आला, आला. ती म्हणाली, बरं झालं. फाटक वर गेलं तेव्हा ती नव्हती."

मग मी चिडलो. माझ्या वयाला न शोभेल इतका चिडलो. मी म्हटलं, "मास्तर, हा शुद्ध वेडेपणा आहे. तुम्ही ज्या क्षणी त्या दरवाजाशी पोचलात त्या क्षणी त्या वाचायला हव्या होत्या. दरवाजा तुम्ही बंद केला नाहीत. त्यांनी केला."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

"सरकारने."

"नाव सांगा."

मंत्रालय, दवाखाना, ओटावा, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले, आणि सगळे सॉरी म्हणाले.

"नाही ना सांगता येत?" मास्तर शांतपणे म्हणाले. "मला येतं. ॲम्ब्युलन्सला फोन न करता गाडी काढली, ती मी. जन्मभर फाटकं सांभाळून फाटकाचा रस्ता धरला, तोही मीच. आर. व्ही. खासनीस, स्टेशन मास्तर, निवृत्त. सुटलो हो. काल रात्री प्रथम झोप लागली."

त्यांचा चेहरा खरोखरच शांत झाला होता. मी त्याच्याइतकं भयंकर काही पाहिलेलं नाही.

मग त्यांनी फोन पुढ्यात घेतला. "आता तिला कळवायला हवं. उगाच बिचारी शोधत बसली असेल." त्यांनी नंबर लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आमदार हॅलिस्टन यांचं कार्यालय, मी केटलिन बोलतेय."

मास्तरांनी आपला फाईल नंबर सांगितला. म्हणाले, जबाबदार माणूस सापडला आहे, माझं समाधान झालं आहे, फाईल बंद करावी.

"अरे वा!" केटलिन म्हणाली. तिच्या आवाजात इतका खरा आनंद होता. "मिस्टर खासनीस, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! लगेच बंद करते. आमदारांनाही सांगते, त्यांना फार आनंद होईल."

कोण सापडला, हे तिने विचारलं नाही.

मी कप उचलून स्वयंपाकघरात नेईपर्यंत मास्तरांच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी चष्मा लावला. सरकारकडून इतक्या तत्परतेने त्यांना काही आल्याचं मी पाहिलं नव्हतं. आपले प्रकरण यशस्वीरीत्या निकाली निघाले आहे. आमच्या सेवेबाबत आपण किती समाधानी आहात? एक ते पाच यांपैकी एक आकडा निवडावा.

मास्तरांनी विचार केला, मग बोट टेकवलं.

"किती दिलेत?" मी विचारलं.

"पाच."

"अहो मास्तर, पाच?"

"ती पोरगी दर वेळी फोन उचलल्यावर आधी आपलं नाव सांगते हो," ते चष्मा घडी करत म्हणाले. "कमी दिले तर तिच्यावर येईल."